बूरूला जनुकाचं मूळ गाव : बंगालची गारोल, ऑस्ट्रेलियाची मेरिनो आणि फलटणची दख्खनी

पीएचडीच्या पहिल्या वर्षातला माझा पहिला सेमिनार. विषय होता मेंढ्यांमधल्या जुळ्यांची आनुवंशिकता. दुसऱ्याच स्लाइडवर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'बूरूला : ऑस्ट्रेलियन मेरिनो मेंढीतलं जनुक'. बोलून झालं, टाळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, "ऑस्ट्रेलियात मुळात मेंढ्या होत्या का हो?"

सगळे हसले. मीही हसले, पण उत्तर माझ्याकडे नव्हतं.

उत्तर सोपं आहे. नव्हत्या. १७८८ साली इंग्रजांचा पहिला ताफा सिडनीच्या किनाऱ्याला लागला, तोवर त्या खंडावर एकही मेंढी नव्हती. म्हणजे तिथल्या मेंढीत आज जे काही आहे, ते कधी ना कधी कुणीतरी जहाजातून आणलं, किंवा त्यानंतरच्या दोनशे वर्षांत तिथे नव्याने घडलं. मग बूरूला जनुक ह्यातलं कोणतं? हे शोधता शोधता मी सिडनीहून कोलकाता, तिथून सुंदरबन आणि शेवटी आपल्या फलटणपर्यंत येऊन पोचले (सगळं कागदोपत्रीच, प्रवासभत्ता कोण देणार!).

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता नेट-सेटची किंवा पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करताय. पशुप्रजनन आणि पशुसंवर्धनात आनुवंशशास्त्राचं काम काय, हा प्रश्न परीक्षेत येतो आणि आपण ठरलेले मुद्दे लिहून मोकळे होतो. आज तोच प्रश्न एका जनुकाच्या इतिहासातून बघूया.

आधी थोडी पार्श्वभूमी

बहुतेक मेंढ्यांना एका वेताला एकच कोकरू होतं. आपली दख्खनी मेंढी तर जवळजवळ नेहमीच एक देते, जुळं झालं की धनगराच्या वाड्यावर ती सांगण्यासारखी गोष्ट असते. किती कोकरं होणार हे आधी ठरतं ते अंडाशयात एका वेळी किती बीजं पक्व होऊन बाहेर पडतात त्यावर. मग गर्भाशयात किती टिकतात, जन्मल्यावर किती जगतात, हे पुढचे टप्पे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की एका वेतातल्या कोकरांची संख्या हा अनेक जनुकांच्या लहान लहान वाट्यांतून घडणारा गुण आहे. दूध, वजन, उंची ह्यांसारखाच. शिवाय त्याची आनुवंशिकता कमी, साधारण ०.१ च्या आसपास. ह्याचा अर्थ काय? मेंढ्या-मेंढ्यांत जो फरक दिसतो, त्यातला दहावा हिस्साच आईबापांकडून मिळालेल्या आणि निवडीच्या कामी येणाऱ्या गुणांमुळे असतो. बाकीचा चारा, वय, ऋतू आणि नशीब. अशा गुणासाठी निवड करत गेलात तर फरक पडतो, पण अगदी सावकाश. आयुष्य जातं.

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ ह्या सरकारी संशोधन संस्थेत हेलन न्यूटन टर्नर नावाच्या संशोधिका होत्या. जुळी देणाऱ्या मेंढ्या निवडत गेलं तर कळपाची सरासरी वाढते का, हे त्या मेरिनो मेंढ्यांवर तपासत होत्या. पुढे ज्या कळपावर त्यांची नजर पडली तो कळप मात्र कुठल्या प्रयोगशाळेचा नव्हता.

कूमाजवळचा कळप

न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ 'बूरूला' नावाची एक मेंढ्यांची जागा होती. मालक सिअर्स बंधू. त्यांनी आनुवंशशास्त्र शिकलेलं नव्हतं. त्यांची पद्धत साधी होती : ज्या मेंढीला एकाहून जास्त कोकरं होतात तिची पिल्लं कळपात राखून ठेवायची. वर्षानुवर्षं ते हेच करत राहिले. त्यांच्या कळपात तिळी, चार-चार, पाच-पाच कोकरं व्हायला लागली. १९५८ मध्ये पाच भावंडांतला एक नर सीएसआयआरओला मिळाला आणि संस्थेचा बूरूला कळप सुरू झाला.

इथे जरा थांबा. अनेक जनुकांचा सिद्धांत खरा धरला, तर इतकी वाढ इतक्या थोड्या पिढ्यांत व्हायला नको. तरी ती होत होती. पुढची वीसेक वर्षं हा कळप म्हणजे 'निवडीने काय साधतं पाहा' ह्याचं उदाहरण समजला गेला. माहिती समोर होती, पण ती जुन्या चौकटीतच वाचली जात होती.

चौकट बदलली १९८० च्या आसपास. ऑस्ट्रेलियात लॉरी पायपर आणि बर्नार्ड बिंडन, तर न्यूझीलंडमध्ये जॉर्ज डेव्हिस आणि त्यांचे सहकारी, ह्यांनी कळपाची सरासरी बाजूला ठेवली आणि आकड्यांची विभागणी पाहिली. दुर्बिणीसारखी बारीक नळी पोटात घालून प्रत्येक मेंढीच्या अंडाशयावर किती बीजं सुटल्याच्या खुणा आहेत त्या मोजता येत होत्या. बूरूला नराच्या मुली मोजल्या तेव्हा त्यांचे सलग चढउतार दिसण्याऐवजी गट पडले. एक-दोन बीजं सोडणाऱ्या, तीन-चार सोडणाऱ्या, आणि पाच किंवा जास्त सोडणाऱ्या. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेले गट तेच इथे मेंढीच्या अंडाशयात : एकही प्रत नसलेल्या, एक प्रत असलेल्या, दोन्ही प्रती असलेल्या. म्हणजे हे एका मोठ्या जनुकाचं काम होतं. मेरिनोमध्ये त्याची एक प्रत साधारण दीड बीज वाढवते, दोन प्रती तीन. त्याला नाव मिळालं 'फेक-बी'. 'फेक' हे बहुप्रसवतेच्या इंग्रजी शब्दाचं आखूड रूप आणि 'बी' बूरूलाचा.

तुमच्यासाठी पहिली गोष्ट इथेच आहे. डेटा हाती आला की आपण आधी सरासरी काढतो. त्या आधी आलेख काढून बघा. दोन उंचवटे सरासरीत बुडून जातात.

एक अक्षर सापडायला लागलेली वीस वर्षं

जनुक आहे हे कळलं, पण ते नेमकं कुठे? १९९३ मध्ये त्याचा साधारण पत्ता लागला, पुढे ते मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर आहे हे नक्की झालं. २००१ मध्ये न्यूझीलंड, फ्रान्स आणि ब्रिटन अशा तीन ठिकाणच्या गटांनी एकाच वर्षात तोच बदल प्रसिद्ध केला. बीएमपीआर-वनबी नावाच्या जनुकात ७४६ व्या जागी 'ए' ऐवजी 'जी'. एवढाच फरक. त्यामुळे प्रथिनात २४९ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन येतं.

हे प्रथिन म्हणजे अंडाशयातल्या पेशींवरचा एक संदेश-ग्राहक. बीज ज्या पुटिकेत वाढतं त्या पुटिकेच्या वाढीवर त्याचं नियंत्रण असतं. बदललेल्या ग्राहकामुळे पुटिका लहान असतानाच पक्व होतात, आणि एका ऐवजी अनेक पुटिका एकाच वेळी बीज सोडायला तयार होतात.

बदल नेमका ठाऊक झाल्यावर एक नवी सोय झाली. आता कुठल्याही देशातल्या कुठल्याही मेंढीचं थोडंसं रक्त घ्यायचं आणि बघायचं, हे अक्षर तिच्यात आहे का. जॉर्ज डेव्हिस ह्यांनी २००२ मध्ये आठ देशांतल्या बहुप्रसवा मेंढ्या अशा तपासल्या. जगभर जास्त कोकरं देणाऱ्या अनेक जाती आहेत, पण बहुतेकींत हे अक्षर सापडलं नाही, म्हणजे त्यांची कारणं वेगळी. सापडलं ते इंडोनेशियातल्या जावाच्या मेंढीत आणि आपल्या बंगालच्या गारोलमध्ये. नंतर चीनमधल्या हू आणि हान मेंढ्यांत आणि ओडिशाच्या केंद्रापाडा मेंढीतही ते मिळालं.

माझ्या स्लाइडवरचं 'ऑस्ट्रेलियन' हे विशेषण इथे गळून पडलं.

जहाजांच्या नोंदी

मग बंगालचं अक्षर कूमाजवळच्या मेरिनोत कसं गेलं? ह्याचं उत्तर प्रयोगशाळेत नाही, दप्तरखान्यात आहे.

सिडनीची नवी वसाहत पहिली काही वर्षं उपासमारीच्या काठावर होती. इंग्लंड लांब, कोलकाता त्या मानाने जवळ आणि कंपनी सरकारच्या हातात. म्हणून १७९२ आणि १७९३ मध्ये कोलकात्याहून धान्याबरोबर जनावरं घेऊन जहाजं सिडनीला गेली. त्यांत बंगाली मेंढ्या होत्या. लहान चणीच्या, लोकरीपेक्षा केसच जास्त असलेल्या. ऑस्ट्रेलियाच्या लोकर-धंद्याचा एक जनक म्हणून ज्याचं नाव घेतात त्या जॉन मॅकार्थरनेही १७९४ च्या सुमारास बंगाली मेंढ्या विकत घेतल्या. त्यांचा आयरिश मेंढ्यांशी संकर झाल्यावर पिल्लांच्या अंगावर केसांबरोबर लोकरही आली, आणि ते पाहून आपल्याला बारीक लोकरीची कल्पना सुचली, असं त्याने स्वतः सांगून ठेवलं आहे. खास मेरिनो मेंढ्या त्यानंतर, १७९७ मध्ये केप ऑफ गुड होपहून आल्या आणि त्यांचा संकर इथल्या मिश्र मेंढ्यांशी झाला.

हेलन न्यूटन टर्नर ह्यांनी १९८२ मध्येच बूरूला कळपाच्या उगमाबद्दल लिहिताना ह्या बंगाली मेंढ्यांकडे बोट दाखवलं होतं. तेव्हा अक्षर सापडायला अजून एकोणीस वर्षं होती! कागदांवरून बांधलेला तर्क नंतर रक्ताच्या चाचणीने उचलून धरला.

अर्थात, इथे आपण सावध राहायला हवं. १७९३ ची मेंढी ते १९५८ चा मेंढा अशी पिढ्यानपिढ्यांची सलग वंशावळ कुणाकडे नाही. जावा आणि चीनच्या मेंढ्यांत तेच अक्षर आहे, म्हणजे ते बरंच जुनं आणि आशियात दूरवर फिरलेलं असणार. तुमचा विषय कोणताही असो, 'पुरावा सुसंगत आहे' आणि 'सिद्ध झालं' ह्या दोन वाक्यांतला फरक परीक्षकाने विचारायच्या आधी स्वतःला विचारत जा. मी गारोलला ह्या जनुकाचं मूळ गाव म्हणते तेव्हा म्हणायचं एवढंच असतं, की ऑस्ट्रेलियाला ते इथून गेलं असण्याची शक्यता सगळ्यात बळकट आहे.

फलटणला काय झालं

आता आपल्याकडे येऊ. साताऱ्याच्या फलटणमध्ये बनबिहारी निंबकर (इरावती कर्वे ह्यांचे जावई) ह्यांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', स्थापन केली. १९९० च्या दशकात त्यांनी सुंदरबन भागातून गारोल मेंढ्या फलटणला आणल्या. विचार असा होता : दख्खनी मेंढीच्या लोकरीला भाव उरला नाही, धनगराची कमाई आता कोकरं विकून होते. एक मेंढी वर्षाला एकच कोकरू देते. दोन दिली तर?

पण गारोलची पूर्ण वाढलेली मेंढीसुद्धा दहा-पंधरा किलोची. दख्खनी साधारण तिच्या दुप्पट. नुसता संकर केला तर कोकरं वाढतात आणि आकार घटतो. खाटीक वजनावर पैसे देतो. दोन किडमिडी कोकरं आणि एक दणकट कोकरू, ह्यात धनगर काय निवडेल ते सांगायला नको.

म्हणून उपाय 'प्रतिसंकर'. गारोल आणि दख्खनीच्या पहिल्या पिढीत गारोलचा वाटा निम्मा. तिला पुन्हा दख्खनी नर दाखवायचा, वाटा २५ टक्के. पुन्हा एकदा, साडेबारा टक्के. आकार दख्खनीकडे सरकत जातो. अडचण एकच : प्रत्येक प्रतिसंकरात एक प्रत असलेल्या आईची निम्मीच पिल्लं ते अक्षर घेऊन येतात. कोणती निम्मी? मेंढी असेल तर ती मोठी होऊन विते तोवर थांबा. नर असेल तर त्याच्या मुली वितात तोवर थांबा. म्हणजे एका नराचा निकाल लागायला काही वर्षं, आणि तोवर अर्धे नर उगाच सांभाळायचे.

डीएनए चाचणीने नेमकी ही अडचण सोडवली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही चाचणी बसवली. कोकरू जन्मलं की रक्ताचे थोडे थेंब, आणि लगेच कळतं ठेवायचं की विकायचं. १९९८ पासून ह्या कामाला ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राचं, म्हणजे एसीआयएआरचं, साहाय्य मिळालं. गंमत बघा. बंगालमधून जे अक्षर दोनशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला गेलं, त्याचं ज्ञान तिथून परत आलं, पण अक्षर मात्र थेट बंगालमधून फलटणला आलं. बनबिहारींच्या कन्या चंदा निंबकर ह्यांनी ह्याच विषयावर ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठात पीएचडी केली. ह्यातून जी मेंढी तयार झाली ती 'नारी सुवर्णा'. तिच्यात दख्खनीबरोबर गारोल, बन्नूर आणि इस्रायलची अवासी ह्यांचे वाटे आहेत. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय संस्थेनेही गारोलचं हेच अक्षर वापरून 'अविशान' मेंढी तयार केली.

फलटणच्या कामातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे ते संस्थेच्या गोठ्यात थांबलं नाही. एक प्रत असलेल्या मेंढ्या आसपासच्या धनगरांच्या कळपांत वाढवल्या आणि तिथे नोंदी ठेवल्या. तिथे एका प्रतीमुळे एका वेताला साधारण अर्ध्या कोकराची भर पडली. अर्धं कोकरू कसं असेल? म्हणजे दोन वेतांपैकी एकदा जुळं. तिळी क्वचितच.

मेरिनोच्या तुलनेत ही वाढ कमी आहे. सेमिनारमध्ये कुणीतरी म्हणालंही असतं, की परिणाम दुबळा आहे. पण जरा धनगराच्या बाजूने विचार करा. पावसाळा संपला की वाडा बाहेर पडतो, महिनोन् महिने चालत राहतो. रात्री वाघरीत मेंढ्या कोंडायच्या, सकाळी पुढचं रान. नुकतं जन्मलेलं कोकरू चालू शकत नाही, ते कुणालातरी उचलून किंवा घोड्यावर न्यावं लागतं. आईला दूध किती येणार ते त्या आठवड्यात चारा कसा मिळाला त्यावर. इथे तीन-चार कोकरं म्हणजे तीन-चार मरतुकडी कोकरं. दोन कोकरं, तीही वर थोडा खुराक मिळाला तर, हा जमणारा हिशेब आहे. ऑस्ट्रेलियातसुद्धा मोठ्या मोकळ्या कुरणांवर बूरूला मेंढी फारशी पसरली नाही, कारण जास्त कोकरांकडे बघायला माणूस नाही. इस्रायलमध्ये बंदिस्त गोठ्यात, भरपूर खाद्य आणि दाई ठेवल्यासारखी देखरेख असते, तिथे तेच अक्षर उपयोगी पडलं.

अक्षर तेच. किंमत ठरते ती जागेवर.

आणि गारोलचं काय?

इथपर्यंत ही यशाची गोष्ट आहे. पण आपल्या विषयात 'संवर्धन' हाही शब्द आहे, आणि तिथे गोष्ट अवघड होते.

२०१८ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी क्रिस्पर तंत्राने हेच अक्षर मेंढीच्या भ्रूणात थेट लिहून दाखवलं. ना गारोल, ना प्रतिसंकर. मग आपल्या वर्गातला एखादा हुशार विद्यार्थी विचारेलच, की अक्षर संगणकात आहे, लिहिता येतं, मग सुंदरबनमधली दहा किलोची मेंढी कशाला जपायची?

मी ह्या प्रश्नाला तीन उत्तरं देते.

पहिलं उत्तर. काय लिहायचं हे आपल्याला कळलं, कारण ते अक्षर कुठल्यातरी जिवंत मेंढीत होतं आणि कुणीतरी ती मेंढी पाळत होतं. १७९३ मध्ये, किंवा अगदी १९५० मध्ये, कुणी गारोलला 'सुधारून' संपवलं असतं तर ओळखलं कुणी असतं? उद्या कोणता गुण लागेल हे आज आपल्याला ठाऊक नाही. जात जपणं म्हणजे अजून न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं जपणं.

दुसरं उत्तर. गारोलमध्ये सगळंच एका अक्षरात नाही. ती दलदलीत, पाण्यात उभी राहून चरते. तिथे दुसऱ्या मेंढ्यांचे खूर सडतात. पोटातल्या जंतांना ती बऱ्यापैकी तोंड देते, म्हणून फलटणच्या प्रकल्पात जंत-प्रतिकार हाही अभ्यासाचा विषय होता. हे गुण अनेक जनुकांत विखुरलेले आहेत. ते उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाहीत. त्यासाठी ती मेंढी आणि ती दलदल दोन्ही लागतात. आणि ती दलदल सुरक्षित नाही. २००९ चं आयला आणि २०२० चं अम्फान ह्या चक्रीवादळांनी सुंदरबनच्या शेतांत खारं पाणी शिरलं, ते बातम्यांत आपण पाहिलंच.

तिसरं उत्तर गणिताचं आहे आणि ते तुम्ही स्वतः करून बघा. कळपात २०० मेंढ्या आणि ४ नर आहेत. आनुवंशिक दृष्टीने हा कळप २०४ जनावरांचा नाही. परिणामी संख्येचं सूत्र म्हणजे नर आणि माद्यांच्या गुणाकाराची चौपट भागिले त्यांची बेरीज : ४ × ४ × २०० भागिले २०४, म्हणजे सुमारे १६. दर पिढीला अंतःप्रजनन ह्या आकड्याच्या दुपटीने एकाला भागल्याइतकं, साधारण ३ टक्क्यांनी वाढतं. आता कल्पना करा, सगळ्या गावांनी एकाच अक्षरासाठी त्याच चार-पाच नामांकित नरांची पिल्लं घेतली. अक्षर सगळीकडे पोचेल, आणि त्याच्याबरोबर बाकी हजारो जनुकांतली विविधता आटत जाईल. प्रजनन आणि संवर्धन ह्यांचं भांडण इथे असतं, आणि ते सोडवायलाही आनुवंशशास्त्रच लागतं : वंशावळ, गुणसूत्रभर पसरलेल्या हजारो खुणांची चाचणी, नरांची अदलाबदल.

आपली दख्खनीही ह्यातून सुटलेली नाही. काळ्या लोकरीची घोंगडी मागणारं गिऱ्हाईक कमी झालं, तशी धनगरांनी माडग्याळसारख्या थोराड मेंढ्यांचे नर कळपात सोडायला सुरुवात केली. त्यात त्यांची चूक नाही. जात जपायचा खर्च फक्त सगळ्यात गरीब माणसाने का सोसावा? कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो देशातल्या जातींची नोंदणी करते, मेंढ्यांच्याच चाळीसहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. वीर्य आणि भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये साठवता येतात. हे हवंच. पण गोठवलेलं वीर्य पाण्यात उभं राहून चरायला शिकत नाही, आणि वादळानंतर काय खायचं हेही नाही. जात राहते ती पाळणाऱ्याच्या घरी.

हक्काचा प्रश्न राहिलाच. १९९२ च्या जैवविविधता करारानंतर देशांचा आपल्या जनुकीय संसाधनांवर हक्क मान्य झाला, आपला जैवविविधता कायदा २००२ चा. १७९३ मध्ये जहाजात चढलेल्या मेंढीला ह्यातलं काही लागू नाही. पण निदान तिचं गाव आपल्या प्रबंधात नीट लिहिणं, हे तर आपल्या हातात आहे ना?

तुमच्यासाठी गृहपाठ

पुढच्या वेळी एखादा शोधनिबंध वाचाल तेव्हा निष्कर्षांकडे धावू नका. आधी 'साहित्य आणि पद्धती' उघडा आणि तीन प्रश्न विचारा. ही जनावरं (किंवा बियाणं, किंवा रक्ताचे नमुने) आली कुठून? ती तिथवर कुणी राखली? आणि हा निकाल प्रयोगशाळेच्या गोठ्याबाहेर, चालत्या वाड्यावर तपासलाय का? ह्या तीन प्रश्नांतून माझ्या प्रबंधाचं अख्खं दुसरं प्रकरण निघालं. तुमचंही निघेल कदाचित.

नोव्हेंबर २००८ मध्ये ह्या एका जनुकावर पुण्यात आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली होती, हेलन न्यूटन टर्नर ह्यांच्या स्मृत्यर्थ. मी तेव्हा शाळेत होते. त्या कार्यशाळेचा ग्रंथ आता माझ्या टेबलावर असतो, खुणेच्या चिठ्ठ्यांनी फुगलेला.

माझी ती दुसरी स्लाइड मी बदलली आहे. आता तिच्यावर लिहिलंय : 'फेक-बी : बंगालच्या गारोलमध्ये जपलं गेलेलं, ऑस्ट्रेलियात ओळखलं गेलेलं, फलटणच्या वाड्यांवर तपासलेलं जनुक'. वाक्य लांब आहे, स्लाइडवर दोन ओळी जातात. जाऊ देत.